कशात केलंस?

२०१८ सालचा मे. सोलापूरचा मे ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, रात्री आठ वाजतासुद्धा गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. आम्ही दोन-तीन बादल्या पाणी मारून फरशी निववली होती, वर सतरंज्या टाकल्या होत्या आणि जिन्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीसमोर प्रोजेक्टर मांडला होता. प्रोजेक्टर एका मंडळाचा, आयपीएल बघायला घेतलेला. घर अण्णांचं, पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. दोनेक महिन्यांतून एकदा आम्ही सात-आठ जण तिथं जमायचो आणि आपापले व्हिडिओ एकमेकांना दाखवायचो.

व्हिडिओ म्हणजे फॅन व्हिडिओ. आवडत्या सिनेमातले, मालिकेतले तुकडे काढायचे, आवडत्या गाण्यावर बसवायचे आणि त्यातून स्वतःचं काहीतरी म्हणायचं. पैसे नाहीत, बक्षीस नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, त्यामुळे आमच्याकडे हिंदीच्या बरोबरीनं तेलुगू नट पूजले जातात. माझं घर मराठी, पण शेजार सगळा पद्मशाली. तेलुगू मी पाळण्यातच ऐकली आणि तेलुगू सिनेमाही.

त्या रात्री आमच्यातल्या एकानं आपल्या मामेबहिणीला आणलं होतं. सतरा-अठराची असेल. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. ओढणीच्या टोकात फोन गुंडाळून आणला होता, काचेला आडवा तडा गेलेला. तिनं एक व्हिडिओ केला होता आणि तो तिला मोठ्या भिंतीवर बघायचा होता, एवढंच.

अण्णांनी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, "कशात केलंस?"

आमच्याकडे प्रत्येक व्हिडिओची सुरुवात या प्रश्नानं व्हायची. कशात म्हणजे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये. 'प्रीमियर' म्हटलं की माना हलायच्या. 'आफ्टर इफेक्ट्स' म्हटलं की मंडळी जरा सरसावून बसायची. व्हिडिओ सुरू होण्याआधीच तो किती लक्ष देऊन बघायचा हे ठरलेलं असायचं.

"मोबाइलवर, अण्णा," ती म्हणाली. "काइनमास्टरमध्ये."

कुणी काही बोललं नाही. एक जण उठून पाण्याचा तांब्या शोधायला लागला. तिच्या फोनमधली फाइल लॅपटॉपवर घेतली आणि लावली. तीन मिनिटांचा व्हिडिओ होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात त्या अ‍ॅपचं नाव, कारण फुकटच्या आवृत्तीत ते जात नाही. दोन शॉट जोडताना मध्ये एकदा बदामाच्या आकाराचं ट्रान्झिशन आलं, आणि कुणीतरी नाकातून हसलं. संपल्यावर गच्ची गप्प. ती माझ्याकडे बघत होती, कारण तिथं मी एकटीच बाई होते. म्हणाली, "अक्का, अकरा पिक्चर हायत ह्याच्यात."

मी म्हटलं, "वॉटरमार्क तरी काढायचा होतास."

सगळे हसले. तीही हसली. मग तिनं फोन परत ओढणीत गुंडाळला. त्यानंतर ती कधी आली नाही. अण्णांनी डेस्कटॉपवरची तिची फाइल पुसली. आमची प्रत्येकाची त्या लॅपटॉपमध्ये नावानं फोल्डरं होती, तिचं करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तो प्रश्न अण्णांनी शोधलेला नव्हता. मलाही तो विचारला गेला होता, २००९ मध्ये. भावाला डिप्लोमासाठी घेतलेला कॉम्प्युटर रात्री माझ्या वाट्याला यायचा. तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज कधी जाणार ते पेपरात छापून यायचं आणि मी ते वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं होतं. चार मिनिटांचा व्हिडिओ रेंडर व्हायला, म्हणजे सगळे तुकडे जोडून त्याची एक फाइल तयार व्हायला, चार-पाच तास लागायचे. रात्री अकराला लावून झोपायचं, पहाटे उठून बघायचं. मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. एकदा सलग तीन रात्री असं झालं आणि चौथ्या रात्री मी मॉनिटरसमोर अक्षरशः हात जोडून बसले होते. तो व्हिडिओ सीडीवर घालून मी पहिल्यांदा या मंडळींकडे गेले, तेव्हा प्रश्न आला. मी म्हटलं, विंडोज मूव्ही मेकरमध्ये. मिळालेलं उत्तर अजून कानात आहे, "ते पोरं वाढदिवसाच्या फोटोंना वापरतात."

मी रडले नाही. तीन महिने घासून प्रीमियर शिकले, परत गेले आणि मला जागा मिळाली. त्या जागेचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला सांगू.

कारण तिथं मी जे शिकले ते खरं होतं. अण्णा कडक होते, पण त्यांना दिसायचं. पडद्यावर चालू गाणं असताना पात्राचे ओठ हलताना दाखवू नका, ते म्हणायचे, बघणाऱ्याचं लक्ष तो काय बोलतोय तिकडे जातं आणि गाणं सुटतं. खाली सबटायटल छापलेला, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असलेला तुकडा घेऊ नका, डोळा अक्षरांकडे पळतो. आणि कट ठेक्यावर घ्या, पण ठेक्यावर म्हणजे नेमका कुठं? हे त्यांनी मला एका अख्ख्या दुपारी शिकवलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या हिशोबात सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. नव्या शॉटमध्ये हात खाली येऊन टेबलावर आपटणार असेल, तर कट ठेक्यावर घेऊन चालत नाही. तीन-चार फ्रेम आधी घ्यायचा, म्हणजे हात टेबलाला लागतो तेव्हा ठेका पडतो. कट कुणाला कळत नाही, फक्त ते आपटणं छातीत जाणवतं. त्या दुपारनंतर मी सिनेमा पूर्वीसारखा बघू शकले नाही. ताशाची काडी पडताना बघते तेव्हाही माझा डोळा तो आधीचा क्षण शोधतो.

म्हणून "सगळंच छान असतं, हौसेला मोल नाही" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. वाईट व्हिडिओ वाईट असतो. दुसऱ्याच्या व्हिडिओवरचं नाव कापून स्वतःचं नाव चिकटवणारे असतात, माझ्या बाबतीत ते दोनदा झालंय. त्यातला एक व्हिडिओ माझ्याच धाकट्या जावेनं मला "बघा किती भारी आहे" म्हणून पाठवला. तो राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. आमच्या नियमांत काही चूक नव्हती. चूक होती ती त्या पहिल्या प्रश्नात, कारण त्याचं उत्तर मिळाल्यावर नियम लावून बघण्याचे कष्टसुद्धा आम्ही घेत नव्हतो. त्या मुलीच्या व्हिडिओत एकाही शॉटमध्ये ओठ हलत नव्हते. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पुढे या छंदाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. १९७५ साली अमेरिकेत कँडी फाँग नावाच्या बाईंनी 'स्टार ट्रेक' मालिकेच्या टाकून दिलेल्या फिल्ममधल्या चौकटींच्या स्लाइड्स केल्या आणि टेपवर गाणं लावून त्या तालात एकेक स्लाइड बदलत गेल्या. फॅन व्हिडिओच्या या घराण्याची सुरुवात तिथून धरतात. ना कॅमेरा, ना कॉम्प्युटर, हलतं चित्रसुद्धा नाही. आमच्या गच्चीवर त्या आल्या असत्या आणि अण्णांनी "कशात केलंत?" विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, स्लाइड प्रोजेक्टरवर. पाण्याचा तांब्या शोधायला आमच्यातलं कुणीतरी नक्की उठलं असतं.

नंतर व्हीसीआर आले. दोन व्हीसीआर जोडून, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर टिपायचं. १९८२ साली जिम कापोस्टास यांनी असाच दोन यंत्रांवर अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनचा, व्हिडिओ केला, तो त्या जातीच्या व्हिडिओंमधला पहिला मानतात. मालिकांच्या चाहत्यांमध्ये मात्र हे काम बहुतेक बायकाच करत होत्या, एकमेकींच्या घरी जमून, एकीचं यंत्र दुसरीकडे उचलून नेऊन. पॉज दाबलं की टेप किंचित मागं सरकायची, आणि किती सरकते ते यंत्रायंत्राला वेगळं. ते अंगवळणी पाडून घ्यावं लागायचं. हे वाचताना मला पंख्याखाली घामाघूम बसलेल्या, हातातल्या पोराला एका मांडीवर आणि रिमोटला दुसऱ्या मांडीवर ठेवलेल्या बायका दिसल्या. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, माझ्या डोळ्यांनी ते आपलं आपण जोडलं.

मग कॉम्प्युटर आला, तेव्हा व्हीसीआरवर हात बसलेल्यांना ते सोपं वाटलं. मूव्ही मेकर आला तेव्हा प्रीमियरवाल्यांना ते सोपं वाटलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, फोनवरच कापाकापी होऊ लागली, तेव्हा आम्हाला ते सोपं वाटलं. स्वतःला जेवढे कष्ट पडले तेवढे पुढच्याला पडले नाहीत तर त्याचं काम हलकं, हा हिशोब आपल्याकडे घराघरात चालतो. सासू पाट्यावर वाटायची, सून मिक्सर लावते, म्हणून सुनेची चटणी चटणी नव्हे. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच खरी, हे मलाही वाटतं. पण चटणी आधी जिभेवर ठेवतात आणि मग बोलतात.

हा हिशोब आमच्या बाबतीत आणखी एका कारणानं लंगडा होता. चित्रं आमची नव्हती, गाणं आमचं नव्हतं. ज्या सॉफ्टवेअरच्या जोरावर आम्ही माना हलवत होतो त्याचा परवाना सात-आठ जणांत एकाकडेही नव्हता. आमच्या पदरात स्वतःचं म्हणावं असं दोनच गोष्टींत होतं, काय निवडलं आणि कशानंतर काय ठेवलं. निवड आणि क्रम. त्या दोन गोष्टी बघायच्या सोडून आम्ही अवजारं मोजत बसलो.

माझे वडील, आमचे दादा, चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंग करायचे. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घरं भरून काढतात, मग त्या प्रत्येक ओळीप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडतात, ती कार्डं माळेसारखी ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवतात. कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, ते भोक सांगतं. दादांची बोटं कायम पुठ्ठ्याच्या भुश्शानं मळलेली असायची. त्यांना कुणी चादर दाखवली की ते एकच गोष्ट करायचे, ती उलटी करायचे. आपल्या चादरीला दोन्ही बाजू असतात, पुढं जे लाल तेच मागं पांढरं. पुढची नक्षी कुणीही बघतो. दादा मागच्या बाजूवरून तळवा फिरवायचे, धागा कुठं सैल सुटलाय का, बोटात अडकतोय का. कुठल्या मागावर निघाली, कुणाच्या कारखान्यातली, हे ते शेवटी विचारायचे, कधी विचारायचेही नाहीत. हे मी लहानपणापासून शंभरदा बघितलंय. गच्चीवर मात्र मला ते आठवलं नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगायला जड जातेय. २९ जून २०२० ला सरकारनं एकोणसाठ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. लॉकडाऊनचे दिवस, आम्ही भेटत नव्हतो, फोनवर बोलत होतो. त्या रात्री आमच्यात सण असल्यासारखं वातावरण होतं. "कचरा गेला," एक जण म्हणाला, आणि मी "हो ना" म्हटलं. सीमेवर काय घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमचा आनंद त्याचा नव्हता, तो वेगळाच होता. सकाळी आमच्या गल्लीतली भांडी घासणारी ताई मला म्हणाली, "आता माझे व्हिडिओ गेले की ओ सगळे." दीड वर्ष ती आपल्या लेकीबरोबर जुन्या गाण्यांवर व्हिडिओ करत होती. आमच्या घरात ती रोज यायची आणि मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, आणि तीही मला कधी बोलली नव्हती. मी असले व्हिडिओ "चांगले" करते हे तिला माहीत होतं, म्हणूनच बोलली नव्हती.

गच्चीवरची ती मुलगी मला परत आठवली ती २०२३ मध्ये. रात्री जेवण झाल्यावर टीव्हीवर तोच नट लागला होता, ज्याच्यावर तिनं व्हिडिओ केला होता. त्याचे सिनेमे कसे असतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. हा माणूस येतो, मारतो, नाचतो, शपथ घेतो, दारं लाथेनं उघडतो. आमच्या सगळ्यांच्या व्हिडिओंत तो तेच करायचा, फक्त जास्त वेगानं. त्या रात्रीच्या सिनेमात एका जागी तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता. आत कुणाचं तरी ऑपरेशन. दोन-तीन सेकंद तो काही करत नाही. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या दारावर. लगेच दार उघडतं आणि सिनेमा पुढं पळतो.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. हा शॉट मी आधी पाहिला होता, भिंतीवर, कोपऱ्यात अ‍ॅपचं नाव असताना.

तेव्हा मला कळलं की तिनं काय केलं होतं. तिच्या तीन मिनिटांत तो एकदाही कुणाला मारत नव्हता. तो वाट बघत होता. बसस्टँडवर, दवाखान्यात, कुणाच्या तरी दारात, पावसात छत्रीशिवाय, ताटासमोर. अकरा सिनेमांतून तिनं फक्त एवढंच वेचलं होतं, तो थांबलेला असतानाचे क्षण, एका संथ तेलुगू गाण्यावर. आम्ही वीस-पंचवीस वर्षं ज्याला पळताना बघत होतो त्याला तिनं बसवलं होतं. बदामाचं ते ट्रान्झिशनही कुठं होतं ते मला आता आठवतं. वाट संपते, समोरची व्यक्ती येते, तिथं. अख्ख्या व्हिडिओत एकदाच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी त्याचा एक सिनेमा लावला आणि वही घेऊन बसले. तो नुसता थांबलेला, न बोलता, ओठ न हलवता, असे क्षण लिहून काढले. पावणेतीन तासांच्या सिनेमात मला सगळे मिळून अडतीस सेकंद सापडले. त्यातले निम्मे वापरता न येणारे, मागून कुणीतरी जाणारं, नाहीतर चॅनेलची पट्टी. मग मी हिशोब केला. अकरा सिनेमे, प्रत्येकी अडीच तास धरले तरी एकदा बघायला साडेसत्तावीस तास. एकदा बघून हे सापडत नाही, मला तरी सापडलं नसतं. हे तिनं तडा गेलेल्या काचेवर, हातभर पडद्यावरही नाही, तळहातावर बघितलं होतं, बहुधा रात्री, बहुधा आईच्या विड्यांच्या पानांशेजारी बसून. मग ते तीन मिनिटांत बसवलं आणि मैत्रिणींनी बघावं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी तीस-तीस सेकंदांचे सहा तुकडे केले. हे तिनं त्या रात्री आम्हाला सांगितलं होतं. व्हिडिओ सहा तुकड्यांत लावावा लागतो, म्हणून एकदा सलग बघायचाय, म्हणाली होती. म्हणून तर आली होती.

मी तिला शोधलं. तिचा आत्येभाऊ आता पुण्यात असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, लग्न झालं तिचं, भिवंडीला दिलंय, तिकडंही मागच आहेत. त्यानं नंबर दिला. चार दिवस धाडस होईना. मग केला.

तिनं ओळखलं. "अक्का, बोला की," म्हणाली, मागं मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हटलं, तुझा तो व्हिडिओ मला परत बघायचाय. ती थोडा वेळ गप्प राहिली, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तो फोन तवाच गेला, अक्का. पाण्यात पडला. त्यात होतं सगळं." मी त्या रात्रीबद्दल काहीतरी बोलायला लागले. तिनं मध्येच विचारलं, "तुम्ही अजून करता का?" मी हो म्हटलं. "मी नाही आता," ती म्हणाली. "पोरगं लहान हाय." आणि मग, "अण्णा बरे हायत का?"

अण्णांकडे गेले. लॅपटॉप कधीच भंगारात गेलेला. फोल्डरं त्यांनी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली होती, आमची सगळ्यांची, व्यवस्थित, सालवार. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "थांबलेला काय? आपण बघितलंच नाही की गं." त्यांचे डोळे ओलावले होते.

आता मी तो व्हिडिओ परत करायला घेतलाय. माझा म्हणून नाही, तिचा म्हणून, तिला पाठवायला. गाणं आठवतं. पण शॉट लावायला बसले की आठवतात ते मोजून नऊ. बसस्टँड, दवाखाना, दार, छत्री, ताट, आणि चार असे की कुठल्या सिनेमातले तेही सांगता येत नाही. बाकीच्या टाइमलाइनवर रिकामी जागा आहे. वॉटरमार्क मात्र मला अक्षरांच्या वळणासकट आठवतो.